अणूला प्रकाशाचा ब्रेक!

सोलापूर हायवेला इंदापूरपाशी चहाला थांबलात, की एक गोष्ट ऐका. हॉर्न वाजवत ट्रक जवळ येतो तेव्हा आवाज चढा असतो आणि ट्रक पुढे गेला की तोच आवाज उतरतो. हा डॉपलर इफेक्ट. बारावीला पाठ केलेला, पेपरनंतर विसरलेला. पण याच फंड्यावर शास्त्रज्ञ चक्क अणू पकडतात!

एरवी रुबिडियमचा अणू सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेगाने सैरावैरा धावत असतो. म्हणजे बारामती ते पुणे फक्त सहा मिनिटांत! याला ब्रेक लावायचा कसा? समोरून लेसर सोडायचा. त्याचा रंग अणूला हवा त्याहून किंचित लालसर ठेवायचा. समोरून येणाऱ्या अणूला डॉपलरमुळे तो रंग नेमका जुळतो. मग प्रकाशाचा एकेक कण अणूवर आपटतो आणि दर धडकेला वेग सेकंदाला जेमतेम ६ मिलिमीटर घटतो. किरकोळ? पण अशा हजारो धडका डोळ्याचं पातं लवायच्या आत बसतात. सहा बाजूंनी सहा लेसर आणि जोडीला चुंबकीय क्षेत्र, की अणू मध्येच अडकला. तापमान उणे २७३ अंशांच्या आसपास! लेसरने अणू थंड करण्याच्या तंत्रासाठी १९९७ चं नोबेलही मिळालं.

हे सगळं परदेशातच चालतं असं समजू नका. पुण्यात पाषाणच्या 'आयसर'मध्ये डॉ. उमाकांत रापोल यांचा गट थंड अणूंवर काम करतो. 'आयुका'त डॉ. सुभदीप डे यांच्या लॅबमध्ये यिटर्बियमच्या एकाच भारित अणूवर चालणाऱ्या घड्याळाचं काम चालतं.

पण आपल्याला काय त्याचं? हाच प्रश्न माझ्या मामाने विचारला. मामाची शेती इंदापूर तालुक्यात, कॅनॉल पोहोचत नाही अशा भागात. तीन बोअर घेतले, तिन्ही कोरडे. दर वेळी पाणाडी तळहातावर नारळ ठेवून शेतभर फिरला आणि कर्ज मात्र मामाच्या डोक्यावर बसलं.

तर मामा, थंड अणू खाली सोडले की ते किती वेगाने पडतात हे कमालीचं अचूक मोजता येतं. जमिनीखाली वस्तुमान जास्त, तर ओढ किंचित जास्त. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या शास्त्रज्ञांनी अशाच यंत्राने रस्त्याखालचा बोगदा शोधला. जमिनीत मीटरभर जाडीचा पाण्याचा थर वाढला, तर ओढ साधारण दोन कोटींत एक भाग वाढते. चांगली यंत्रं तेवढा फरकही टिपतात. म्हणजे भूजल वाढतंय की आटतंय, हे न खणता कळू शकतं. बोअरचा नेमका पॉइंट ती दाखवत नाहीत, हेही खरं.

मामा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पॉइंट नको दाखवू. पाणी आटतंय एवढं आधी कळलं असतं, तरी तिसरा बोअर घेतला नसता."