खाऱ्या पाण्याची टाकी आणि पंपाचा हिशेब

रायपूरहून समुद्र जवळ नाही. विशाखापट्टणमचा किनारा गाठावयाचा म्हटले तरी पाचशे किलोमीटरच्या आसपास प्रवास घडतो. मुंबईकरांना मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात अनेक वर्षे समुद्री मासे पाहावयास मिळाले, आणि रस्ता ओलांडला की समुद्र समोरच असे. छत्तीसगडच्या राजधानीत दिवाणखान्यात क्लाउनफिश पाळू इच्छिणाऱ्यास मात्र समुद्रही घरीच तयार करावा लागतो. आरओ यंत्रातून शुद्ध केलेल्या पाण्यात, लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात, खास या कामासाठी मिळणारे मीठ विरघळवावयाचे. स्वयंपाकघरातील मीठ येथे उपयोगी नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आदी क्षारांचाही वाटा असतो.

हे पाणी अहोरात्र फिरते ठेवण्याचे काम पंपाकडे असते. दिव्यांना रात्री विश्रांती मिळते, पंपाला ती कधीच नाही. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे ६० वॅटचा पंप वर्षाकाठी सुमारे ५२५ युनिट वीज घेतो, तर तेवढेच काम करणारा २० वॅटचा पंप १७५ युनिट. विजेचा दर युनिटला सहा रुपये धरला, तर फरक २,१०० रुपयांचा झाला. चांगला पंप खरेदीच्या वेळी चार हजारांनी महाग पडला, असे समजले तरी ती रक्कम दोन वर्षांत वसूल होते. बँकेच्या ग्राहकांना हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नसावी!

परंतु रायपूरसारख्या शहरात खरा प्रश्न विजेच्या देयकाहून मोठा आहे. पाण्यात बुडवून ठेवलेला पंप जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सर्व उष्णतेच्या रूपाने पाण्यातच उतरते. ३०० लिटरच्या टाकीतून उष्णता बाहेर पडूच शकली नाही, तर ६० वॅटचा पंप एका दिवसात ते पाणी सुमारे चार अंशांनी तापवील. हिवाळ्यात ही उष्णता हवेत निघून जाते. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांना भिडलेला असताना ती जाणार कोठे? प्रवाळभित्तीवरील जीवांना साधारणतः २४ ते २७ अंश तापमान मानवते. मग शीतकयंत्र आणावे लागते, आणि पंपाने ओतलेली उष्णता बाहेर काढण्यासाठी पुन्हा वीज खर्चावी लागते. म्हणजे एकाच चुकीचे मोल दोनदा मोजावयाचे.

निवड करताना खोक्यावरील मोठ्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. 'ताशी ३,००० लिटर' हा आकडा पाणी मुळीच वर न चढविता मिळणारा असतो. खालच्या टाकीतून वरच्या टाकीत दीड मीटर पाणी चढवावयाचे असेल, तर त्या उंचीवर किती प्रवाह मिळतो हे माहितीपत्रकातील आलेखावरून पाहावे. वस्तुतः ताशी १,००० लिटर पाणी दीड मीटर वर उचलण्यास केवळ चार वॅट पुरतात. बाकीची वीज पंपातील आणि नळीतील घर्षणात खर्ची पडते. म्हणून नळी रुंद असावी आणि तिला काटकोनी वळणे कमीत कमी द्यावीत. पंप न बदलताही प्रवाह वाढतो. तसेच टाकीच्या आतील लाटांसाठी उचल-पंप वापरणे हा अपव्ययच होय. त्यासाठी पंख्यासारखा फिरणारा प्रवाह-पंप थोड्या विजेत पुष्कळ पाणी हलवितो.

शीतकपाटावर ऊर्जा दक्षता ब्यूरोचे तारे पाहून खरेदी करण्याची सवय आपणांस आता जडली आहे. मत्स्यटाकीच्या पंपांवर असे तारे नसतात. त्यामुळे विशिष्ट उंचीवरील प्रवाहास वॅटने भागून, एका वॅटमागे किती लिटर मिळतात हे स्वतःच काढावे. या कसोटीवर डीसी मोटरचे पंप सहसा सरस ठरतात. त्यांचा वेगही कमीअधिक करता येतो.

डीसी पंपाचा आणखी एक गुण वीज गेल्यावर कळतो. खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा कमी विरघळतो, आणि पाणी तापले की आणखी कमी. प्रवाह थांबला तर उन्हाळ्यातील काही तासही माशांच्या जिवावर बेतू शकतात. कमी व्होल्टचा छोटा पंप बॅटरीवर बराच काळ तग धरतो. पंप थांबताच वरचे काही पाणी खाली उतरते, हेही ध्यानात ठेवून खालच्या टाकीत तेवढी जागा रिकामी राखावी. दिवाणखान्याची फरशी खारट होऊ नये, एवढ्यासाठी तरी!

पंपाचा आस चिनी मातीचा असावा. पितळ वा तांबे पाण्याच्या संपर्कात मुळीच नको, कारण तांब्याचा अंशही कोळंबी, शंख यांसारख्या जीवांना घातक असतो. दर दोन-तीन महिन्यांनी पंप उघडून पातळ व्हिनेगरमध्ये भिजवावा, म्हणजे आत साचलेला चुना सुटतो. तो साचू दिल्यास प्रवाह मंदावतो, वीज मात्र जवळपास तेवढीच लागत राहते.