ड्रायरच्या काचेतून

१९६१ साली आयडीपीएल ही सरकारी औषध कंपनी स्थापन झाली आणि सोव्हिएत मदतीने तिचा कारखाना हैदराबादच्या बालानगरात उभा राहिला. या शहराचं औषधांशी नातं जडलं ते तिथून. मुंबईच्या यूडीसीटीत शिकलेले, पुण्याच्या एनसीएलमध्ये पीएच.डी. केलेले अंजी रेड्डी आयडीपीएलमध्येच नोकरीला लागले; पुढे १९८४ साली त्यांनी डॉ. रेड्डीज काढली. आज हैदराबादच्या जीडीमेटला, बाचुपल्ली या औषध कारखान्यांच्या भागांची नावं नांदेड-लातूरकडच्या बी.फार्म. पोरांच्या तोंडी असतात.

बल्क ड्रगच्या, म्हणजे औषधाचा मूळ घटक बनवणाऱ्या, कारखान्यात रिअ‍ॅक्टरमधली क्रिया पार पडली म्हणजे सुटलो, असं नसतं. स्फटिक गाळायचे, वाळवायचे, दळायचे, चाळायचे. गिऱ्हाइकाच्या स्पेसिफिकेशनमध्ये शुद्धतेखेरीज बऱ्याचदा आणखी एक ओळ असते: डी-९० इतक्या मायक्रॉनच्या आत. म्हणजे आकारमानाने ९० टक्के भुकटी त्या मापाहून बारीक हवी. ही अट उगाच नसते. गजकर्णावरचं जुनं औषध ग्रिझिओफुल्विन. ते बारीक दळलं तेव्हा साधारण निम्म्या मात्रेत भागू लागलं. इन्हेलरमधला कण १ ते ५ मायक्रॉनचा लागतो. त्याहून मोठा बहुतेक घशातच अडकतो.

खरी पंचाईत ड्रायरमध्ये. ओल्या केकमधून पातं फिरत असतं. कमी फिरवलं तर गोळे राहतात, जास्त फिरवलं तर स्फटिक तुटतात. भांडं बंद, आत निर्वात. माप हवं तर फिरणं थांबवा, सॅम्पल काढा, क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागात, कणांचं माप घेणाऱ्या लेझर डिफ्रॅक्शन यंत्रावर लावा आणि रिपोर्टची वाट बघत बसा. शितावरून भाताची परीक्षा, पण इथे भात शेकडो किलोंचा आणि परीक्षा होईस्तोवर तो शिजतच असतो.

यावर एमआयटी आणि जपानी औषध कंपनी टाकेडा यांच्या संयुक्त कार्यक्रमातून २०२३ साली एक तोडगा प्रसिद्ध झाला. ड्रायरच्या काचेतून भुकटीवर लेझर टाकायचा आणि कॅमेऱ्याने चित्रं घ्यायची. चित्रात कण दिसतच नाहीत. भिंतीवर लेझर पॉइंटर मारला की त्या लाल ठिपक्यात बारीक चमचमती रवाळ नक्षी दिसते ना, तीच इथे दिसते. तिला स्पेकल म्हणतात. कणांवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळून ती उमटते. तिच्यावरून कणांचं माप उलट शोधणं अवघड, म्हणून मशीन लर्निंग. पण या मंडळींनी प्रकाशाचं भौतिकशास्त्र आधीच गणितात घातलं, त्यामुळे यंत्राला शिकवायला चित्रांचे ढीग लागत नाहीत.

माझ्या लेखी खरी हुशारी इथेच आहे. नुसत्या उदाहरणांवर शिकणाऱ्या यंत्राला बिघडलेल्या बॅचही दाखवाव्या लागतात, आणि हौसेने बॅच बिघडवून देणारा प्रॉडक्शन मॅनेजर अजून जन्माला यायचाय.

अडचणी आहेतच. काचेवर भुकटी बसते. कॅमेऱ्याला फक्त वरचा थर दिसतो. खालचा माल वर येण्याची भिस्त पात्यावर. प्रक्रिया चालू असतानाच मोजमाप करा, असं अमेरिकेचं औषध नियामक एफडीए २००४ पासून सांगत आलंय, पण इन्स्पेक्टर दारात आला की तो आधी व्हॅलिडेशनची फाइल मागतो. म्हणून कॅमेऱ्याचा आकडा आणि क्यूसीचा आकडा बॅचमागून बॅच जुळवून दाखवल्याशिवाय सॅम्पल काढणं थांबणार नाही.