जाळे बंद पडले तरी खुला राहणारा मार्ग

राउटरच्या मांडणीत चूक झाली की त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा नेहमीचा मार्गच बंद होतो. मग दुरुस्तीसाठी तंत्रज्ञास प्रत्यक्ष जागेवर जावे लागते. ही अडचण टाळण्याकरिता कन्सोल सर्व्हर वापरतात. राउटर, स्विच आदी यंत्रांचे सीरियल पोर्ट तारांनी त्यास जोडलेले असतात आणि तंत्रज्ञ दुरून त्यांपर्यंत पोहोचू शकतो.

प्रथम प्रत्येक पोर्टचा वेग समोरच्या यंत्राशी जुळवावा लागतो. पुष्कळ यंत्रांत तो सेकंदास ९६०० बिट असतो. तो न जुळल्यास पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. त्यानंतर प्रत्येक पोर्टला स्वतंत्र नाव व क्रमांक देण्यात येतो.

सुरक्षितता येथे सर्वांत महत्त्वाची होय. टेलनेट पद्धतीत परवलीचा शब्द उघडपणे जातो. १९९५ साली फिनलंडमध्ये तयार झालेल्या एसएसएच पद्धतीत तो सांकेतिक रूपात जातो. म्हणून टेलनेट बंद ठेवावे आणि प्रत्येकास त्याच्या कामापुरत्याच पोर्टांची परवानगी द्यावी.

कन्सोल सर्व्हरला मोबाइलसारखी स्वतंत्र जोडणी हवी. तो मूळ जाळ्यावरच विसंबून असेल, तर ऐन गरजेच्या वेळी तोही हाती लागणार नाही. या पर्यायी मार्गाची अधूनमधून चाचणी घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.