माध्यमिक शिक्षकाचे दैनंदिन वैफल्य व समाधान

१. प्रश्नाचे स्वरूप

शिक्षकाच्या कार्याविषयी लिहिताना त्याचा गौरव करणे अथवा त्याच्या हालअपेष्टांविषयी कळवळा व्यक्त करणे, असे दोनच मार्ग बहुधा चोखाळले जातात. या दोहोंमुळे त्या कार्याचे खरे स्वरूप मात्र अस्पष्टच राहते. माध्यमिक शाळेतील शिक्षकाला दररोज जाणवणारे वैफल्य कोणत्या कारणांनी निर्माण होते, आणि तरीही त्याला त्या कार्यात टिकवून धरणारे समाधान कोठून येते, हा शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने स्वतंत्र विचाराचा विषय आहे. वेतन, बढती, सेवेची शाश्वती इत्यादी प्रश्न महत्त्वाचे असले तरी प्रस्तुत विवेचन प्रत्यक्ष अध्यापनापुरतेच मर्यादित आहे. वैफल्य आणि समाधान ही दोन्ही एकाच मुळापासून उद्भवतात, हे त्यातून स्पष्ट होईल. ते मूळ म्हणजे अध्यापनाच्या फलाची अनिश्चितता होय.

२. वेळेचा हिशोब

प्राथमिक शिक्षक बहुधा एकाच वर्गाबरोबर संपूर्ण दिवस घालवितो. माध्यमिक शिक्षक आपला एक विषय घेऊन अनेक तुकड्यांत फिरतो. त्याच्या अडचणींचा आरंभ येथेच होतो. वर्गात ६० विद्यार्थी व तास ३५ मिनिटांचा असे मानल्यास प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्यास ३५ सेकंद येतात. आणि हजेरी, फळा पुसणे, मागील तासाची गडबड शांत करणे यांत गेलेला वेळ त्यातूनच वजा करावयाचा असतो. अशा ५ तुकड्या एका शिक्षकाकडे असल्यास विद्यार्थिसंख्या ३०० होते. प्रत्येक वही तपासण्यास केवळ २ मिनिटे दिली तरी एका फेरीस १० तास लागतात. ऑफ तास बदली तासात गेला म्हणजे हे काम घरी न्यावे लागते.

परिणामी वही वाचली न जाता तिच्यावर स्वाक्षरी व तारीख घातली जाते. वही कोणी वाचत नाही हे विद्यार्थ्याच्या लवकरच ध्यानात येते, आणि तोही विचार न करता ती भरू लागतो. शिक्षकास यात विद्यार्थ्याचा आळस दिसतो. विद्यार्थ्यास शिक्षकाची उदासीनता दिसते. वस्तुतः दोघेही एकाच हिशोबाचे बळी असतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकास शिक्षणेतर कामे देण्यास मनाई केली असली, तरी जनगणना, निवडणुका व आपत्तिनिवारण ही कामे त्यातून वगळली आहेत. त्यामुळे हा अपुरा वेळही कित्येकदा अखंड मिळत नाही.

३. शिकविणे व शिकणे यांतील अंतर

वेळेची टंचाई दूर झाली तरी वैफल्याचे एक कारण शिल्लक राहतेच, आणि ते अधिक मूलगामी आहे. बीजगणितातील एक परिचित उदाहरण घेता येईल. (अ + ब)² याचा विस्तार अ² + ब² असा लिहिणारे विद्यार्थी नववीच्या प्रत्येक तुकडीत आढळतात. शिक्षक फळ्यावर चौरस काढतो. त्याचे दोन लहान चौरस व दोन आयत असे भाग पाडून दाखवितो. ३ व ४ या संख्या घेऊन ७ चा वर्ग ४९ येतो, ९ व १६ यांची बेरीज मात्र २५ च होते, आणि उरलेले २४ त्या दोन आयतांचे आहेत, हे सिद्ध करतो. वर्ग मान डोलावितो. दुसऱ्या दिवशी तीच चूक पुन्हा वह्यांत उमटते.

या क्षणी होणारी निराशा स्वाभाविक आहे. परंतु चुकीचे कारण शोधले असता तिचे स्वरूप पालटते. २(अ + ब) = २अ + २ब हा नियम विद्यार्थ्याने पूर्वी आत्मसात केलेला असतो. कंसाबाहेरील चिन्ह कंसातील प्रत्येक पदास लागू होते, असा बोध त्याने त्यावरून घेतलेला असतो, आणि घातांकासही तो तेच तत्त्व लावतो. म्हणजेच ही चूक विचाराच्या अभावातून नव्हे, तर एका यथार्थ विचाराच्या अतिव्याप्तीतून निर्माण झालेली असते. चौरसाची आकृती योग्य असली तरी त्या जुन्या नियमास ती स्पर्श करीत नाही. म्हणून ती विसरली जाते. हे ओळखणारा शिक्षक दुसऱ्या दिवशी तेच स्पष्टीकरण मोठ्याने सांगत बसत नाही. दुपटीचा नियम व वर्गाचा नियम शेजारीशेजारी मांडून, पहिला कोठे चालतो व कोठे अडतो हे तो विद्यार्थ्यांकडूनच काढून घेतो. ज्या चुकीने त्याला आदल्या दिवशी निराश केले, तीच आता त्याचे साधन बनते.

४. वर्गातील मौन

माध्यमिक शाळेतील विद्यार्थी कुमारावस्थेत असतो. या वयात सवंगड्यांच्या दृष्टीतील आपली प्रतिमा त्याला शिक्षकाच्या मतापेक्षा अधिक मोलाची वाटते. प्रश्न विचारल्यावर पसरणारे मौन हे अज्ञानाचे लक्षण असतेच असे नाही. चुकीचे उत्तर देऊन हसे होण्यापेक्षा, अथवा बरोबर उत्तर देऊन ‘सरांचा लाडका’ ठरण्यापेक्षा, गप्प राहणे त्याला अधिक सुरक्षित वाटते. शेवटच्या बाकावरून येणारा उद्धट शेराही कित्येकदा शिक्षकासाठी नसून मित्रांसाठी असतो. तो वैयक्तिक अपमान समजून शिक्षक रागावला म्हणजे शेरा मारणाऱ्याचा हेतू सफल होतो, आणि तासाचा उरलेला भाग वाया जातो.

५. समाधानाचे स्वरूप

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिक्षकी पेशाच्या अभ्यासात या पेशातील लाभांचे बाह्य, आनुषंगिक व मानसिक असे तीन प्रकार केले. आपण विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचलो व ते काही शिकले ही जाणीवच आपल्याला सर्वांत मोलाची वाटते, असे बहुसंख्य शिक्षकांनी सांगितल्याचे त्यांना आढळले. परंतु या जाणिवेस निश्चित मोजमाप नसल्यामुळे शिक्षकाच्या मनात स्वतःच्या कार्याविषयीची शंका कायम वसते, हेही त्यांनी दाखविले. तत्पूर्वी, १९६८ मध्ये, फिलिप जॅक्सन यांनी निवडक प्राथमिक शिक्षकांच्या मुलाखतींवरून असे नोंदविले होते की, हे शिक्षक चाचणीच्या गुणांपेक्षा मुलांच्या चेहऱ्यांवर व तत्क्षणी मिळणाऱ्या प्रतिसादावर अधिक विसंबतात. माध्यमिक वर्गात हे चेहरे वाचणे अधिक अवघड असते. कारण कुमारवयीन मूल आपला आनंदही लपवू पाहते. तथापि खुणा तेथेही असतात. एरवी गप्प बसणारी मुलगी तास संपल्यावर दाराशी थांबून शंका विचारते. एखादा विद्यार्थी स्वतःचे उत्तर स्वतःच खोडून नव्याने मांडतो. शिक्षकाच्या फळ्यावरील चुकीकडे कोणी संकोचाने लक्ष वेधतो. ही फळे लहान व अनियमित असतात, आणि पाहण्याची सवय नसलेल्यास ती दिसतही नाहीत.

६. निकालाचा आधार

ही अनिश्चितता असह्य झाल्यामुळे शाळा व शिक्षक परीक्षेच्या निकालाचा आश्रय घेतात. महाराष्ट्रात १९७५ पासून इयत्ता दहावीच्या अखेरीस होणारी शालान्त परीक्षा हे त्याचे ठळक रूप होय. निकालास अर्थ नाही असे म्हणता येणार नाही. विद्यार्थ्याचा पुढील मार्ग त्यावर अवलंबून असतो. परंतु शिक्षकाच्या समाधानाचा आधार म्हणून तो दोन कारणांनी दुबळा ठरतो. एक तर विद्यार्थी शाळा सोडून जात असताना तो हाती येतो. त्यामुळे त्यावरून अध्यापनात करावयाची सुधारणा त्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडत नाही. दुसरे असे की, घर, खाजगी शिकवणी, पूर्वीचे शिक्षक व विद्यार्थ्याचे स्वतःचे श्रम यांपैकी कोणाचा वाटा किती, हे टक्केवारी सांगू शकत नाही. तिच्यामुळे मिळणारा अभिमान व येणारी नामुष्की, दोन्ही बव्हंशी उसन्या असतात.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, वैफल्य हे शिक्षकाच्या नालायकीचे लक्षण नसून अध्यापनकर्माच्या स्वरूपातच ते अंतर्भूत आहे. वेळेच्या टंचाईतून येणारे वैफल्य प्रशासनाने दूर करण्याजोगे आहे. वर्गाची संख्या व तपासणीचा भार कमी केल्यावाचून ते हटणार नाही, आणि ते सहन करण्याचा उपदेश शिक्षकास करणे अन्यायाचे होईल. शिकविणे व शिकणे यांतील अंतरामुळे येणारे वैफल्य मात्र कोणत्याही व्यवस्थेत राहणारच. त्याचे ज्ञानात रूपांतर करणे हे कौशल्य आहे, आणि ते शिकविता येते. शिक्षणशास्त्राची पदवी २०१५ पासून दोन वर्षांची झाली. तरीही पाठ टिपण कसे लिहावे यास तेथे जितके महत्त्व मिळते, तितके महत्त्व पाठ फसल्यानंतर काय पाहावे यास मिळणे अगत्याचे आहे. दर आठवड्यास एक वारंवार होणारी चूक व तिचे संभाव्य कारण, आणि एका विद्यार्थ्यात दिसलेला एक लहानसा बदल, एवढी नोंद शिक्षकाने ठेवली तरी वर्षअखेरीस त्याच्या हाती निकालपत्रकाहून वेगळा पुरावा राहील. विभागातील संशोधक विद्यार्थ्यांना अशा नोंदींत अभ्यासाची सामग्री मिळेल. शिक्षकास मात्र आपले श्रम व्यर्थ गेले नाहीत हे स्वतःच्या हस्ताक्षरात वाचावयास मिळेल.