शिरेतील औषध आणि न्यायालय

आमच्या लोणारच्या सरोवराचे पाणी खारे. नेहमीचे सलाईनही मिठाचेच पाणी होय, परंतु त्यात लिटरमागे मीठ मोजून 9 ग्रॅम असते. निव्वळ पाणी शिरेत गेल्यास रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. शिरेत गेलेले औषध तत्काळ हृदयापर्यंत पोहोचते, ते परत काढता येत नाही. म्हणून येथील चूक विशेष घातक.

1993 साली दिल्लीच्या एका रुग्णालयात विषमज्वराच्या बालरोग्यास क्लोरोमायसेटिन द्यावयाचे होते. परिचारिकेने पित्याकरवी लॅरिआगो, म्हणजे हिवतापाचे क्लोरोक्विन, आणविले आणि तेच शिरेत टोचले. बालकाचे हृदय थांबले. जीव वाचला, परंतु मेंदू कायमचा निकामी झाला. बालकास 12,50,000 व मातापित्यांस 5,00,000 रुपये देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1998 साली कायम केला.

पैसे देऊन घेतलेल्या उपचाराबद्दल ग्राहक न्यायालयात दाद मागता येते, हे 1995 सालीच ठरले होते. सरकारी दवाखान्याविरुद्ध दिवाणी न्यायालय आहे. पण तेथील विलंब काय सांगावा! तेव्हाच्या औरंगाबादेत 1963 साली शस्त्रक्रियेत पोटात कापड राहून एक बाळंतीण दगावली. सरकारने भरपाई द्यावी, हा अंतिम निर्णय 1996 साली लागला.

रोग्याने मागितल्यास 72 तासांत कागदपत्रे द्यावीत, असा 2002 सालचा नियम आहे. ते कागद आधी मागावेत; कारण रोगी बरा झाला नाही, एवढ्यावरूनच न्यायालय डॉक्टरास दोषी धरीत नाही.