‘आमच्यावर प्रयोग करताय का?’ : क्लिनिकल ट्रायल समजून घेताना

आजचा विषय थोडा कोरडा वाटेल, पण कधी ना कधी आपल्यापैकी बऱ्याच घरांत तो येणार आहे. रुग्णालयात डॉक्टर म्हणतात, "आमच्याकडे एक स्टडी चालू आहे, तुम्ही त्यात भाग घ्याल का?" आणि घरातलं वडीलधारं माणूस ताडकन विचारतं, "म्हणजे, आमच्यावर प्रयोग करताय का?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं सरळ उत्तर ‘हो’ असं आहे. प्रयोगच आहे. पण तो कोणत्या नियमांनी चालतो, त्यात तुमचे हक्क काय आणि ‘नाही’ कसं म्हणायचं, हे माहीत असेल तर ‘हो’सुद्धा शहाणपणाने म्हणता येतं.

मी डॉक्टर नाही. फौजेतून निवृत्त होऊन रायपूरला स्थायिक झालो आणि इथल्या एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीत सामान्य नागरिक म्हणून बसतो. अशा कमिटीत एक तरी सदस्य साधा माणूस असलाच पाहिजे, असा कायदाच आहे. त्या खुर्चीतून जे दिसतं ते सांगतो.

ट्रायल म्हणजे नेमकं काय?

एखादं औषध, शस्त्रक्रिया किंवा तपासणीची पद्धत खरंच उपयोगी आहे का, हे माणसांवर, आधी ठरवलेल्या नियमांनी पडताळून बघणं म्हणजे क्लिनिकल ट्रायल. याचं जुनं उदाहरण नौदलातलं आहे. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या ब्रिटिश नौदलातल्या सर्जनने स्कर्व्हीने आजारी असलेले १२ खलाशी घेतले, दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबं मिळालेली जोडी सगळ्यांत लवकर सावरली. तो प्रयोग २० मे रोजी सुरू झाला, म्हणून आज जगभर २० मे हा क्लिनिकल ट्रायल दिन मानतात.

तत्त्व आजही तेच आहे. सारख्या आजाराच्या माणसांचे दोन गट करायचे, एकाला नवा उपाय, दुसऱ्याला प्रचलित उपाय द्यायचा आणि निकाल मोजायचा. कोण कोणत्या गटात जाईल हे डॉक्टर ठरवत नाही, रुग्णही ठरवत नाही. नाणं उडवल्यासारखं नशिबाने ठरतं. नाहीतर डॉक्टर नकळत तब्येतीने बरे रुग्ण नव्या औषधाकडे पाठवेल आणि औषध आहे त्यापेक्षा चांगलं दिसेल.

नवं औषध साधारण चार टप्प्यांतून जातं. पहिल्यात थोड्या लोकांवर सुरक्षितता बघतात, दुसऱ्यात परिणामाचा अंदाज घेतात, तिसऱ्यात शेकडो-हजारो लोकांवर तुलना होते आणि चौथा टप्पा औषध बाजारात आल्यानंतरचा. तुम्हाला विचारलं तर पहिला प्रश्न हाच करा : हा कितवा टप्पा?

आपल्या माणसांनी ‘हो’ म्हटलं, म्हणून काय झालं?

तीन उदाहरणं देतो. तिन्ही आपल्या भागाशी जोडलेली आहेत.

पहिलं तोंडाच्या कॅन्सरचं. छत्तीसगडमध्ये गुडाखू दातांना घासणारे, गुटखा खाणारे घरोघरी सापडतात, त्यामुळे हा आजार आपल्याला नवा नाही. सुरुवातीच्या अवस्थेत तोंडातली गाठ काढताना मानेतल्या ग्रंथीही लगेच काढाव्यात, की त्यांत आजार दिसेपर्यंत थांबावं, यावर सर्जन मंडळींत वर्षानुवर्षं दोन तट होते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २००४ पासून रुग्णांचे दोन गट करून हे पडताळलं. ५०० रुग्णांचा निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या ग्रंथी लगेच काढल्या त्यांच्यापैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. जिथे थांबले तिथे ६७.५ टक्के. म्हणजे शंभरात बारा-तेरा जीवांचा फरक. या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही परदेशी पुस्तकात नव्हतं. ते आपल्या रुग्णांनी दिलं.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं, गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९०च्या दशकात ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि ४७ गावांशी तुलना केली. कार्यक्रमाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालमृत्यू तुलनेने ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं आणि २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याचं काम देशभर आशा कार्यकर्त्यांकडे आलं. आपल्याकडे त्यांना मितानिन म्हणतात. बाळंतपणानंतर मितानिन घरी येऊन बाळ बघते, त्यामागे गडचिरोलीतल्या त्या गावांचा हिशेब आहे.

तिसरं पुण्याजवळच्या वढूचं. रोटाव्हायरसच्या जुलाबांवरची भारतीय लस दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या वढू भागातल्या मिळून ६,७९९ बाळांच्या ट्रायलमध्ये पडताळली गेली. तिने गंभीर जुलाब निम्म्याहून अधिक कमी केले. २०१६ पासून रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात येऊ लागली. त्या आयांनी बाळं पुढे केली नसती तर हे झालं असतं का?

आता उलट बाजू बघा. सिकलसेल हा छत्तीसगड आणि विदर्भ दोन्हीकडचा आजार. त्यावरचं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध प्रौढांत दुखण्याचे झटके कमी करतं, हे १९९५ मध्ये सिद्ध झालं ते अमेरिका आणि कॅनडातल्या मिळून २९९ रुग्णांवर. आपल्या भागातल्या सिकलसेलची आनुवंशिक पार्श्वभूमी आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा वेगळी आहे. मग आपल्या मुलांना किती मात्रा पुरेल, किती दिवसांनी रक्त तपासावं, हे कोण सांगणार? आपलेच रुग्ण. ते कायम बाजूला राहिले, तर आपण कायम दुसऱ्यांच्या मापाचे कपडे घालत राहू.

भीती उगाच नाही

पण लोक घाबरतात, त्याला कारणं आहेत. २००९-१० मध्ये आंध्रच्या खम्मम आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यांत शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरोधी लस देण्याचा अभ्यास झाला. काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्यांचा संबंध लसीशी जोडता आला नाही. पण दुसरंच बाहेर आलं : वसतिगृहात राहणाऱ्या अनेक मुलींच्या संमतीपत्रावर आईबापांऐवजी वॉर्डन किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. अभ्यास एप्रिल २०१० मध्ये थांबवला गेला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. संमती नीट घेतली नाही, म्हणून चांगल्या लसीवरचाही विश्वास गेला.

इंदूरमधल्या ट्रायल्सबद्दलही तक्रारी झाल्या. तिथल्या स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यानंतर नियम घट्ट होत गेले आणि आजचे ‘नवी औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम’ २०१९ मध्ये आले.

आज तुमच्या हातात काय आहे?

एक : एथिक्स कमिटीच्या मंजुरीशिवाय ट्रायल सुरू होत नाही. कमिटीत किमान सात सदस्य लागतात. त्यांत एक स्त्री, एक कायदा जाणणारा आणि एक सामान्य नागरिक हवाच, आणि निम्मे तरी सदस्य त्या संस्थेबाहेरचे हवेत.

दोन : रुग्ण घेण्याआधी ट्रायलची नोंद ‘सीटीआरआय’ या सरकारी नोंदवहीत करावी लागते. ही २००७ मध्ये सुरू झाली आणि इंटरनेटवर कोणीही बघू शकतो. नोंदणी क्रमांक मागा. तो मिळत नसेल, तर सही करू नका.

तीन : संमतीपत्र तुम्हाला कळणाऱ्या भाषेत हवं आणि त्याची एक प्रत तुम्हाला मिळायला हवी. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा.

चार : ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईही. गंभीर घटना घडली की २४ तासांत ती सरकारी यंत्रणेला, कमिटीला आणि ट्रायल करवणाऱ्या कंपनीला किंवा संस्थेला कळवावी लागते. ट्रायलमुळे मृत्यू झाल्यास भरपाई ठरवण्याचं सूत्र आहे. ८ लाख रुपयांचा पाया धरून वय आणि आजाराची जोखीम यांवरून रक्कम काढतात.

पाच : कधीही बाहेर पडता येतं. कारण द्यावं लागत नाही आणि नेहमीचे उपचार त्यामुळे थांबवता येत नाहीत.

हुकूम आणि संमती

इथे मला माझ्या जुन्या पेशाबद्दल बोलायला हवं. फौजेत साहेबाने "कोण तयार आहे?" असं विचारलं की अख्खी पलटण हात वर करते. त्यात मनापासूनचे किती आणि साहेब बघतोय म्हणून किती, हे साहेबालाही कळत नाही. युद्धात ते चालतं. ट्रायलमध्ये चालत नाही. म्हणूनच आयसीएमआरच्या मार्गदर्शक सूचना वरिष्ठांच्या हाताखालच्या लोकांना, म्हणजे विद्यार्थी, कर्मचारी, सैनिक यांना खास जपायला सांगतात.

१८९७ मध्ये मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांना दिली. लसीने मोठं काम केलं. पण आजची कमिटी पहिला प्रश्न विचारेल : तुरुंगातला माणूस ‘नाही’ म्हणायला खरंच मोकळा होता का?

हाच प्रश्न आपल्या वॉर्डातही आहे. बस्तरहून किंवा ओडिशाहून आलेला, जमीन गहाण टाकून आलेला माणूस डॉक्टरांना म्हणतो, "आप जो ठीक समझो, साहब." ही संमती नाही, हे शरण जाणं आहे.

रुग्णालयाने काय करावं?

ट्रायलचा प्रसार करावा, जरूर करावा. पण भरतीचं टार्गेट ठेवून नव्हे. मला सुचतं ते असं :

चालू असलेल्या अभ्यासांची यादी नोंदणी क्रमांकासह ओपीडीत हिंदीत लावावी. मजकूर कमिटीने आधी बघावा आणि ‘मोफत उपचार’ हे ठळक अक्षरांत आमिष म्हणून लिहू नये.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी फक्त माहिती द्यावी. सविस्तर बोलणी दुसऱ्या प्रशिक्षित व्यक्तीने, शक्यतो छत्तीसगढीत करावीत. एका संमतीपत्रात ‘यादृच्छिकीकरण’ असा शब्द होता. मी विचारलं, हा शब्द वॉर्डातल्या कोणत्या पेशंटला कळेल? शेवटी ‘जैसे सिक्का उछालते हैं’ असं लिहिलं गेलं.

कागद घरी न्यायला द्यावा. आजच सही करा, अशी घाई बहुतेक वेळा गरजेची नसते.

येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी द्यावी. जगदलपूर इथून तीनेकशे किलोमीटर आहे. दर महिन्याला तपासणीला या म्हणायचं आणि बसभाडं द्यायचं नाही, तर तिसऱ्या महिन्यात माणूस येणारच नाही.

आणि शेवटचं, जे सहसा राहून जातं : अभ्यास संपल्यावर निकाल भाग घेतलेल्या लोकांना साध्या भाषेत कळवावा. सैनिकालाही मोहीम यशस्वी झाली की नाही हे कळायला हवंच ना?

सहीआधी विचारायचे प्रश्न

हे लिहून घ्या, फोनमध्ये ठेवा :

१. हा ट्रायलचा कितवा टप्पा? नोंदणी क्रमांक काय?
२. भाग घेतला नाही, तर मला कोणते उपचार मिळतील?
३. दुसऱ्या गटाला काय देणार : प्रचलित औषध की नुसती दिसायला सारखी, औषध नसलेली गोळी?
४. त्रास काय होऊ शकतो? रात्री त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा?
५. किती वेळा यावं लागेल आणि खर्च कोण देणार?
६. ट्रायल संपल्यावर औषध लागू पडत असेल, तर पुढे मिळेल का?
७. माझी माहिती, माझं रक्त आणखी कशासाठी वापरणार?

आणि एक गोष्ट स्वतःला बजावा : ट्रायल हा खात्रीचा इलाज नाही. खात्री असती तर ट्रायल केलीच नसती. नवं औषध जुन्यापेक्षा कमीही ठरू शकतं. तुमचा स्वतःचा फायदा होईलच असं नाही. पुढच्या रुग्णाचा होईल, हे मात्र बरंच शक्य आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : विचारल्याबरोबर पळू नका आणि विचारल्याबरोबर सहीही करू नका. प्रश्न विचारा, घरी बोला, एक रात्र जाऊ द्या. त्यानंतर ‘नाही’ म्हणालात तरी तुम्ही बरोबर आणि ‘हो’ म्हणालात तरी बरोबर. तुमच्या शहरातल्या कोणत्याही रुग्णालयात एथिक्स कमिटीत बसायला सामान्य माणूस हवा असेल, तर निवृत्त मंडळींनो, पुढे या. तिथे औषधांचं ज्ञान लागत नाही. "हे मला कळलं नाही, पुन्हा सांगा" एवढं न लाजता म्हणता यायला हवं.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.