ट्यूडलीच्या निळ्या काचा

इंग्लंडच्या केंट परगण्यात, टनब्रिजपासून थोड्याच अंतरावर, शेतांच्या मधोमध ट्यूडली हे छोटं गाव आहे. १०८६ च्या डूम्सडे या जमीनपाहणीच्या नोंदींतही त्याचं नाव सापडतं. इथल्या ऑल सेंट्स चर्चचा विटांचा बुटका मनोरा पाहून वाटेवरचा माणूस थांबेल असं नाही. दार ढकललं की मात्र अंगावर निळा उजेड येतो.

चर्चच्या बाराही खिडक्या चित्रकार मार्क शागालच्या आहेत. सुरुवात एका घरच्या दुःखातून झाली. १९६३ साली राय गावाजवळच्या समुद्रात शिडाच्या होडीला अपघात होऊन सारा द'अविगडोर-गोल्डस्मिड बुडाली. वय २१. वडील ज्यू, आई अँग्लिकन. दोन वर्षांपूर्वीच मायलेकींनी पॅरिसला शागालच्या जेरुसलेमसाठीच्या काचा पाहिल्या होत्या आणि सारा त्यांच्या प्रेमात पडली होती. म्हणून आईवडिलांनी तिच्या आठवणीतल्या खिडकीसाठी शागाललाच गाठलं. वेदीमागच्या त्या खिडकीत खाली लाटांमध्ये मुलगी आहे, वर जाणारी शिडी आहे आणि त्याहून वर क्रूसावरचा येशू. १९६७ साली ती बसवताना शागाल इथे आला, चर्च पाहून हरखला आणि बाकीच्या खिडक्याही मीच करीन म्हणाला. शेवटच्या काचा १९८५ साली लागल्या. त्याच वर्षी, ९७ व्या वर्षी तो गेला.

मला मात्र शार्ल मार्कबद्दल सांगायचं आहे. फ्रान्समधल्या रँस शहरातला हा काच-कारागीर. शागालच्या या काचा त्यानेच घडवल्या. साध्या काचेवर रंगीत काचेचा पातळ थर असतो. तो आम्लाने कुठे कमी, कुठे जास्त झिजवायचा, म्हणजे एकाच तुकड्यात गडद निळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटा उतरतात. मध्ये शिशाची पट्टी घालावी लागत नाही. मग त्यावर शागाल स्वतः काळसर रंगाने रेखाटन करी आणि काच भट्टीत जाई. चित्रातला तो वाहता समुद्र शार्ल मार्कच्या हाताशिवाय झालाच नसता. येणारे सगळे शागालची सही शोधतात, असं चर्च सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या. मार्कचं नाव कुणी विचारत नाही, याचं मला वाईट वाटलं.

दक्षिणेकडच्या दोन काचा पिवळ्याधमक आहेत. त्यांच्यासाठी उन्हाचा दिवस निवडावा. जुन्या व्हिक्टोरियन काचा काढण्यावरून बरीच चर्चा झाली होती. आज त्या आतल्या खोलीत, मागून दिवा लावून जपल्या आहेत. त्याही आवर्जून पाहाव्यात. त्या घडवणाऱ्यांची नावं तर मार्कहूनही मागे पडली आहेत.